मासा दादागिरी करतोय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या बऱ्याच पत्रांत तक्रार एकच आहे, आमचा एक मासा बाकीच्यांना जगू देत नाहीये. म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच दिलंय. आधी एवढंच लक्षात घ्या की मासा उगाच म्हणून कोणाला चावत नाही, जागा कमी पडते, अंडी असतात, नर मोठा होतो, पोट भरलेलं नसतं नाहीतर काचेत त्याला दुसरा मासा दिसतो. यातलं आपल्या टँकमध्ये नेमकं काय चाललंय ते शोधा, उपाय त्यातूनच निघतो.

प्रश्न (डोंबिवली): दादा नमस्कार. आमचा तीन फुटी टँक आहे, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. चार एंजल, सहा मॉली, दोन गुरामी आणि आठ निऑन होते. एंजल आणले तेव्हा रुपयाएवढे होते, आता तळहाताएवढे झालेत. गेल्या पंधरवड्यापासून त्यातल्या दोघांनी उजवी बाजू पूर्ण ताब्यात घेतलीये, फिल्टरच्या पाइपजवळ कोणी गेलं की धावून जातात, बाकीचे सगळे डाव्या कोपऱ्यात हीटरमागे चिकटून बसलेले असतात. एका मॉलीची शेपटी कुरतडली आणि निऑन तर रोज एकेक कमी होतायत. आमचे हे म्हणतात दुकानात परत देऊन टाक, मुलगी रडते कारण मासे तिचे आहेत. एंजल शांत असतो असं सांगूनच दिले होते ना मग हे असं का?

उत्तर: ताई, आज रात्री टॉर्च घेऊन त्या फिल्टरच्या पाइपकडे नीट बघा. खसखशीएवढे पारदर्शक ठिपके ओळीने चिकटलेले दिसतील, नाहीतर पाइपचा तेवढाच भाग चकाचक साफ केलेला दिसेल. तुमच्या एंजलची जोडी जमलीये. एंजल उभ्या जागी अंडी घालतो, पाइप, रुंद पान, हीटर, कधी सरळ काचेवरच, आणि मग नर मादी दोघं मिळून पहारा देतात, परांनी अंड्यांवर पाणी मारत राहतात, पांढरी पडलेली अंडी उचलून टाकतात. त्या काळात जवळ येणारा प्रत्येक मासा त्यांच्यासाठी अंडी खायला आलेला चोर असतो, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे, मॉली आणि गुरामी दोघंही अंडी आवडीने खातात.

एंजल शांत असतो हे अर्धवट खरं आहे. लहान असेपर्यंत आणि जोडी जमेपर्यंत शांत. तो सिक्लिड कुळातला आहे, म्हणजे ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, आपल्या उजनीतली चिलापी, गोव्याच्या खाड्यांमधला कालुंदर, हे सगळे त्याचे भाऊबंद. पिल्लांची राखण करण्यासाठी हे कूळ प्रसिद्ध आहे आणि राखण करणारा मासा म्हटलं की भांडण आलंच.

निऑनची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे दादागिरी वगैरे काही नाही, एंजल त्यांना खातोय. तळहाताएवढ्या एंजलच्या तोंडात निऑन आरामात मावतो आणि मूळ अमेझॉनच्या पाण्यातही एंजल छोटे मासे खातच असतो. उरलेले निऑन आजच बाहेर काढा, एंजल आणि निऑन एकत्र कधीच जमणार नव्हते आणि दुकानदाराने ते आधी सांगायला हवं होतं.

आता उपाय. अंडी काढून टाकायचा विचार मनात असेल तर उपयोग नाही, अंडी गेली की साधारण दोन आठवड्यांत ती परत घालतात आणि तुमच्या टँकमध्ये कायमच पहारा चालू राहतो. सगळ्यात चांगलं म्हणजे जोडीसाठी वेगळा टँक, दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पुरतो, उंची मात्र कमी करू नका कारण एंजल लांबीपेक्षा उंचीत जास्त वाढतो. तळाला ग्रॅव्हल म्हणजे खडी नको, एक स्पंज फिल्टर, एक हीटर, आणि अंड्यांसाठी एक तिरपी ठेवलेली फरशीची पट्टी, बस. पण हा टँक आज भरून उद्या मासे सोडायचे नाहीत. नव्या पाण्यात माशांच्या शीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणूच नसतात, ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नवा स्पंज फिल्टर आत्ताच जुन्या टँकमध्ये लावून ठेवा, तीनचार आठवड्यांनी तोच उचलून नव्यात लावला की जिवाणू तयारच मिळतात.

तोपर्यंत टँकचे दोन भाग होतील अशी मध्ये उभी जाळी घाला, काचवाला अॅक्रिलिकची भोकं पाडलेली शीट कापून देतो, नाहीतर प्लास्टिकची कडक जाळी चालते, फक्त पाणी दोन्हीकडे फिरलं पाहिजे आणि खालून वरून फट राहता कामा नये. हीटर एकाच बाजूला अडकत असेल तर दोन्हीकडचं तापमान बघत जा.

जाळीही नको असेल तर निदान एवढं करा, टँकमध्ये उंच झाडं किंवा ड्रिफ्टवूड, म्हणजे टँकमध्ये ठेवायचं लाकूड, असं लावा की उजवीकडून डावीकडे सरळ नजर जाणार नाही. दिसला नाही की पाठलाग होत नाही हे सिक्लिडच्या बाबतीत अगदी खरं आहे. खाणं दोन टोकांना एकाच वेळी टाका म्हणजे कोपऱ्यातल्यांनाही मिळेल. पाणी २९-३० डिग्री असेल तर २५-२६ वर आणा, गरम पाण्यात अंडी लवकर लवकर घातली जातात.

आणि मुलीला सांगा की अंडी टिकली तर दोनतीन दिवसांत फुटतात, पिल्लं आधी पाइपला चिकटून वळवळतात आणि मग साधारण आठवड्याभराच्या आत पोहायला लागतात. पहिल्या एकदोन वेळी आईबाप स्वतःच अंडी खाऊन टाकतात, तसं झालं तर तिला आधीच माहिती असलेलं बरं. परत देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, जमलेली जोडी घरात असणं ही फार छान गोष्ट आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): सर, मिक्स आफ्रिकन म्हणून पाच सिक्लिड घेतले, दोन पूर्ण पिवळे, दोन पिवळे पण अंगावर काळे पट्टे असलेले आणि एक निळा. अडीच फुटी टँक. सहा महिने सगळं मस्त, मग पट्टेवाल्यातला एक हळूहळू काळपट झाला, मला वाटलं आजारी पडला, औषध पण टाकलं. पण तो आजारी नाहीये, त्याने निळ्याला मारलं आणि आता दुसऱ्या पट्टेवाल्याच्या मागे लागलाय, पिवळ्यांना तेवढं काही करत नाही. हा रंग का बदलला आणि याचं करू काय?

उत्तर: मित्रा, तुझ्या वर्णनावरून तो मेलानोक्रोमिस ऑरॅटस आहे याची मला जवळजवळ खात्री आहे. या जातीत पिल्लं आणि माद्या पिवळ्या, अंगावर काळे पट्टे, आणि नर वयात आला की सगळं उलटं होतं, अंग काळं आणि पट्टे फिकट. म्हणजे तुझा मासा आजारी नव्हता, मोठा झाला होता. औषध टाकलं असशील तर तीसेक टक्के पाणी बदलून घे, काही औषधांनी फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात आणि मग अमोनिया वाढून बाकीचेही चिडचिडे होतात.

हे मासे आफ्रिकेतल्या मलावी तलावाच्या खडकाळ किनाऱ्यावरचे. तिथे नर एक कपार धरतो आणि तिच्या आसपास दुसरा नर फिरकू देत नाही, पण हरलेल्या माशाला पळून जायला अख्खा तलाव असतो. तुझ्याकडे अडीच फूट. निळा मासा पळाला असणार आणि काच आडवी आली असणार.

तो पिवळ्यांना का सोडतो हे तू छान टिपलंस. माशांच्या भांडणात रंगाला फार महत्त्व असतं. निको टिनबर्गन नावाचे डच शास्त्रज्ञ होते, १९७३ चं नोबेल ज्यांना मिळालं त्या तिघांतले एक, त्यांनी स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशावर काम केलं. विणीच्या काळात या नराचं पोट लाल होतं. माशासारखी हुबेहूब पण लाल पोट नसलेली प्रतिकृती नराला दाखवली तर तो तेवढं लक्ष द्यायचा नाही, आणि ओबडधोबड, माशासारखी न दिसणारी पण खालून लाल असलेली वस्तू दिसली की धावून जायचा. ऑरॅटसच्या नराचं तसंच समज, गडद आणि निळसर अंगाचा दुसरा मासा म्हणजे दुसरा नर. म्हणून यापुढे टँक भरताना एकसारख्या रंगाचे, एकसारख्या पट्ट्यांचे भांडखोर मासे एकत्र आणू नकोस.

आता करायचं काय. अडीच फुटी टँकमध्ये ऑरॅटस नर ठेवता येत नाही, मी यात मधला मार्ग सुचवणार नाही. दुकानात परत दे किंवा ज्याच्याकडे चार फुटी किंवा त्याहून मोठा आफ्रिकन टँक आहे अशा कोणाला दे. पट्टेवाली मादीसुद्धा काही कमी नसते, तिच्यावर लक्ष ठेव. पिवळे, म्हणजे इलेक्ट्रिक यलो, त्या मानाने पुष्कळ शांत, त्यांच्या जोडीला अजून चारपाच पिवळे घेतलेस तर टँक सुंदर दिसेल.

तू ऐकलं असशील की आफ्रिकन टँकमध्ये मुद्दाम मासे जास्त ठेवतात. खरं आहे, गर्दी असली की एकच मासा मार खात नाही, राग सगळ्यांत वाटला जातो. पण त्यासाठी फिल्टर टँकच्या मानाने मोठा पाहिजे, आठवड्याला तीसचाळीस टक्के पाणी बदलायला पाहिजे आणि एका नरामागे तीनचार माद्या पाहिजेत. नुसती गर्दी करून फिल्टर तोच ठेवला तर मासे मारामारीने नाही मरणार, पाण्याने मरतील. दगड लावताना आधी काचेवर दगड, मग वाळू, कारण हे मासे खणतात आणि वाळूवर ठेवलेला दगड खचून काच फुटते. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर ते या माशांना उलट मानवतं, मलावीचं पाणी मुळातच जड आणि अल्कलाइन आहे.

प्रश्न (नागपूर): भावाने वास्तूसाठी म्हणून फ्लॉवरहॉर्न आणून दिला, टँक चार फुटी, मासा एकटाच. पण हात घातला की चावतो, काचेवर धडका मारतो, रात्री तर जास्तच, तोंड सोललंय त्याचं. घरचे म्हणतात अशा माशाने घरात कटकटी वाढतात. काढून टाकू का?

उत्तर: दादा, मासा निर्दोष आहे आणि घरातल्या कटकटींशी त्याचा काही संबंध नाही. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात कुठेच नाही, १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या वेगवेगळ्या सिक्लिडचा संकर करून तो तयार केला. रंग, डोक्यावरचं टेंगूळ हे सगळं माणसाने निवडून निवडून आणलंय आणि त्याच्याबरोबर आक्रमकपणाही आलाय. भाग्य वगैरे नंतर चिकटलं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की वास्तूसाठी म्हणून कोणाला जिवंत मासा भेट देऊ नका, हा मासा दहा वर्षं जगू शकतो आणि तेवढी वर्षं त्याचं पाणी कोणीतरी बदलायचं असतं.

रात्री धडका वाढतात याचं कारण टँकचा लाइट आहे. खोलीतला लाइट बंद आणि टँकचा चालू असला की आतून काचेचा आरसा होतो, त्याला चारही बाजूंनी स्वतःएवढाच तगडा फ्लॉवरहॉर्न दिसतो आणि तो बिचारा त्याला हाकलायला जातो. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून फिका पेपर लावा, काळा नको, काळ्याने आरसा अजून पक्का होतो. टँकचा लाइट खोलीतल्या लाइटच्या आधी बंद करा. मुद्दाम आरसा दाखवून टेंगूळ वाढवायचं फॅड आहे, दोनचार मिनिटं ठीक, पण ज्या माशाचं तोंड सोललंय त्याला अजिबात नको.

दुसरं म्हणजे नागपूरचा उन्हाळा. टँकचं पाणी ३२-३३ च्या वर गेलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि माशाची भूक, चिडचिड दोन्ही वाढतात. हीटर काढून ठेवा, झाकण काढून वर जाळी टाका, छोटा फॅन पाण्यावर सोडा, दोनतीन डिग्री खाली येतं, एअर पंप बंद ठेवू नका.

हात घालायचं टाळता येतं. काच पुसायला मॅग्नेटचा ब्रश मिळतो. पाणी बदलताना अॅक्रिलिकची शीट मध्ये उभी करून माशाला एका बाजूला घ्या, काम झालं की काढा, थोड्या दिवसांत तो शीट दिसली की स्वतःच बाजूला जातो. थंडीत हीटर लावाल तेव्हा त्याला गार्ड लावा, मोठे सिक्लिड धडक मारून हीटरची काच फोडतात आणि मग पाण्यात करंट येतो. टँकमध्ये हात घालायच्या आधी हीटर, पंप सगळ्यांचे प्लग काढायचे, हे मात्र रोज.

त्याला सोबत आणायची दया येईल, आणू नका. एकटा फ्लॉवरहॉर्न उदास नसतो. तो माणसं ओळखतो, रोज खायला घालणाऱ्याच्या मागे काचेला लागून फिरतो, तेवढी सोबत त्याला भरपूर आहे.

प्रश्न (पुणे): टँक साफ ठेवायला सकर आणला होता. गेले काही दिवस सकाळी गोल्डफिशच्या अंगावर लालसर चट्टे दिसतात. काल रात्री उठून बघितलं तर सकर गोल्डफिशला चिकटलेला. शेवाळ खाणारा मासा असं करतो?

उत्तर: करतो, उपाशी असेल तर. गोल्डफिश संथ, अंग रुंद आणि त्यावर चिकट थर, तो थर सकर चाटून खातो आणि एकदा चव लागली की सोडत नाही. घरच्या टँकमधलं शेवाळ त्याला आठवडाभर पण पुरत नाही. शिवाय तो टँक साफ ठेवतो हा मोठाच गैरसमज आहे, तो खातो त्याहून जास्त घाण करतो. आणि दुकानात दोन इंचाचा दिसणारा साधा सकर फुटापेक्षा मोठा होतो.

आजच वेगळा करा. ठेवायचाच असेल तर त्याला मोठा टँक, आत ड्रिफ्टवूड, आणि लाइट बंद केल्यावर उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची फोड किंवा अल्गी वेफर (शेवाळाच्या चकत्या) रोज, सकाळी उरलेलं काढून टाकायचं.

आणि हात जोडून सांगतो, नदीत, तलावात, विसर्जनाच्या हौदात कुठेही सोडू नका. सोडलेल्या सकरांनी पूर्व कोलकात्याच्या पाणथळांत मासेमारी करणाऱ्यांचं किती नुकसान केलंय, उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यातही तो येतो. बाजारात त्याला भाव नाही, अंगावरच्या काट्यांनी जाळी फाटतात, काठाची माती पोखरून अंडी घालतो, आणि तिथल्या मूळ माशांचं खाणं पळवतो. जड अंतःकरणाने का होईना पण दुकानात फुकट परत द्या, बहुतेक दुकानदार घेतात.

प्रश्न (कोल्हापूर): दोन टायगर बार्ब आहेत, त्यांनी फायटरची शेपटी पार झालर केली. फायटरला काय औषध देऊ? आणि बार्ब असे का करतात, फायटरच तर भांडखोर असतो ना?

उत्तर: फायटर भांडतो तो दुसऱ्या फायटर नराशी. लांब शेपटी घेऊन त्याला पळताही येत नाही, टायगर बार्बसमोर त्याचं काही चालत नाही. बार्ब थव्याने राहणारा मासा, आठदहा असले की आपापसातच पाठलाग करत बसतात, त्यांच्यात कोण वर कोण खाली ते ठरत राहतं आणि बाकीच्यांना फारसा त्रास होत नाही. दोनच ठेवले की एक दुसऱ्याला छळतो आणि दोघं मिळून तिसऱ्याला. तुमच्याकडे तीन फुटी टँक असेल तर अजून सहासात बार्ब आणा, टँक छोटा असेल तर हे दोघं परत द्या. फायटर, गप्पी, एंजल, गोल्डफिश, म्हणजे लांब पर असलेलं काहीही त्यांच्याबरोबर कधीच नको.

फायटरला दहापंधरा लिटरच्या स्वच्छ टबात एकटं ठेवा. वरून झाकण, कारण तो उडी मारतो, पण पाणी आणि झाकणात हवेची जागा हवी, तो वर येऊन हवा घेतो. पाणी २६ ते २८ डिग्री, अँटीक्लोरीन टाकलेलं. दर लिटरला एक ग्रॅम खडे मीठ, मगात विरघळवून मग हळूहळू ओतायचं. रोज किंवा एक दिवसाआड तिसरा हिस्सा पाणी बदला आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत टाका, पूर्ण टबाचं नाही, नाहीतर मीठ वाढत जातं. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं झाडावरून गळलेलं सुकं पान धुऊन एखादं टाकलंत तर चांगलं, पाणी चहासारखं पिवळं होतं, घाबरू नका, फायटरला ते मानवतं, फक्त ज्या झाडावर फवारणी होते त्याचं पान नको.

शेपटीच्या कडा स्वच्छ असतील आणि टोकाला पारदर्शक नवा पडदा दिसायला लागला तर औषधाची गरजच नाही, पर परत येतात, रंग कधी थोडा वेगळा येतो. कडा पांढऱ्या कापसासारख्या किंवा काळ्या पडून आत आत सरकायला लागल्या तर परकुज सुरू झालीये, मग मिथिलीन ब्लू बाटलीवरच्या प्रमाणात, तेही टबातच. मोठ्या टँकमध्ये ते टाकलं की फिल्टरचे जिवाणू मरतात आणि काचेच्या जोडाचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. या दिवसांत खाणं कमी द्या, दोन वेळा तीनचार दाणे, तळाला पडलेलं लगेच काढा.